आमच्या साडूंची हवेची पेटी

धुळीचा इतका मान राखणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे मी पैजेवर सांगतो, आणि जिल्हा काही लहान नाही. नांदगावच्या बाजूला उन्हाळ्यात वावटळ उठली की भलेभले डोळे मिटून भिंतीला पाठ लावतात. माझे साडू तिथे एसटीतून उतरले की आधी जवळच्या कुठल्या तरी कठड्यावर बोट फिरवतात, ते डोळ्यांजवळ नेतात, अंगठ्याने हलकेच चोळून पाहतात आणि मग घ्यायला आलेल्या नातेवाइकांना नमस्कार करतात. बाकीची माणसं धूळ झटकतात, पुसतात, तिला शिव्या देतात. साडू तिची चौकशी करतात. कुठून आली, किती दिवसांची आहे, जड आहे की हलकी, एकटीच आली की धुराचा हात धरून आली. त्यांच्या मते रस्त्याची धूळ वेगळी, बांधकामाची वेगळी, कांद्याच्या सालीची वेगळी, आणि जो या तिन्हींना नुसतं ‘धूळ’ म्हणतो तो अडाणी. मी सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण त्यांच्या अडाण्यांच्या यादीत माझं नाव पहिल्या दिवसापासून आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची माझी पहिली गाठ पडली ती मुलाचं घर बघायला सासरची मंडळी आली तेव्हा. आम्ही तेव्हा पंचवटीत दोन खोल्यांत राहायचो. सासऱ्यांनी माझी नोकरी विचारली, मामेसासऱ्यांनी गाव विचारलं, कुळं-मुळं झाली. साडू गप्प होते. पोहे आले तसे ते उठले, कोपऱ्यातलं स्टूल कपाटाशी ओढलं, त्यावर चढले आणि कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवलं. माझ्या आईचा चेहरा असा झाला की मी तिच्याकडे बघायचं टाळलं. साडूंनी बोट निरखलं, रुमालाला पुसलं, खाली उतरले आणि पोहे खाल्ले. परत जाताना रिक्षात त्यांनी सासऱ्यांना निकाल दिला, तो मला पुढे बायकोकडून कळला. ‘मुलगा करायला हरकत नाही. घरात धूळ आहे, पण जुनी आहे, थरावर थर बसलेली आहे. म्हणजे घरात आदळआपट नाही.’ माझी पदवी, माझा पगार, माझ्या वडिलांचा गावातला शब्द, यातलं काहीच कामी आलं नाही. माझं लग्न कपाटावरच्या धुळीने जमवलं, आणि संसार बरा चालला असल्यामुळे त्या निकालात चूक काढायलाही मला आजवर जागा सापडलेली नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना होता, तिथे हवा गाळायचे फिल्टर बनायचे. साडूंनी सगळी हयात तिथल्या तपासणीच्या खोलीत काढली. काम ऐकायला सोपं. फिल्टरचं कापड किंवा कागद नळीच्या तोंडाशी ताणून बसवायचा, एका बाजूने अगदी बारीक कणांचा धूर सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला किती निसटला ते यंत्रावर मोजायचं. कारखान्यातली बाकीची माणसं फिल्टरने किती पकडलं ते सांगत फिरायची. साडूंचा सगळा जीव पलीकडच्या बाजूला. ‘अडकलं त्याचं कौतुक कुणीही करील, साडूभाऊ,’ ते म्हणायचे, ‘निसटलं ते मोजायला माणूस बसवावा लागतो.’ आणि तो बसवलेला माणूस आपण आहोत याचा त्यांना फार अभिमान होता. एखाद्या कापडातून ठरल्यापेक्षा जास्त निसटलं तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. मालकाने माल पाठवायची कितीही घाई केली तरी त्यांची सही होत नसे, आणि त्यांच्या सहीवाचून गाडी फाटकाबाहेर जात नसे. मालक त्यांना पाठीमागे काय म्हणायचा ते मी लिहीत नाही. पण मालकाच्या स्वतःच्या घरात जो फिल्टर लागला तो साडूंनी निवडलेला होता, हे मात्र सांगायला हवं.

शाळेत खडू वापरायचो म्हणून लग्नानंतर मी एकदा त्यांच्याकडे सहानुभूतीच्या अपेक्षेने तक्रार केली होती. फळा पुसला की नाकात सगळं पांढरं जातं, असं मी म्हणालो. त्यांनी माझी कीव केली, पण माझ्या नाकाची नव्हे. खडूची धूळ प्रामाणिक असते म्हणाले. मोठी असते, दिसते, आपल्या वजनाने खाली बसते, आणि नाकातल्या केसांतच अडते. जी दिसते ती धूळ गरीब. उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसते तीही त्या मानाने गरीबच. काळजी करायची ती कधीच न दिसणारीची, जी केसाच्या जाडीत पाच-पन्नास शेजारी-शेजारी मावतील एवढी असते आणि नाक, घसा, सगळं चुकवत थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. एवढं बोलून त्यांनी माझ्या सदऱ्यावरचा खडू बोटाने टिपला आणि म्हणाले, ‘ही तर घरची आहे.’

आता त्यांचं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान. ते लग्नातच होतं, कारण त्याला लागणारी सामग्री लग्नातच मिळते. मंगल कार्यालयाच्या दारात यजमान हात जोडून उभे असतात, पाहुण्यांची रीघ लागलेली असते, आणि साडू एखाद्या बेसावध माणसाला खांद्याला धरून बाजूला घेतात. लोकांना वाटतं, फिल्टर म्हणजे चाळणी, भोकापेक्षा मोठं ते अडकणार आणि लहान ते जाणार. ‘साफ चूक,’ साडू म्हणतात, आणि दाराकडे बोट दाखवतात. तो बघा यजमान, तो फिल्टरचा धागा. आता येणारा वजनदार पाहुणा बघा. गर्दी वळली तरी त्याला पटकन वळता येत नाही, तो सरळ यजमानाच्या अंगावर जातो आणि मिठीत सापडतो. मोठा कण असाच सापडतो. आता ती पोरं बघा. सरळ चालतच नाहीत, इकडे धडक, तिकडे धडक, धावता धावता यजमानाच्या धोतरात अडकतात. सगळ्यात बारीक कण असा सापडतो. मग निसटतो कोण? इथे ते थांबतात आणि मी जवळपास असलो तर माझ्याकडे बघतात. निसटतो तो मधला. ना जड, ना चंचल. गर्दी वळली की तोही वळतो, यजमानाला वळसा घालून गुपचूप पंगतीला जाऊन बसतो, आणि तो आला होता हे कुणालाच कळत नाही. मी आजवर किमान वीस लग्नांत मधला कण म्हणून दाखवला गेलो आहे.

व्याख्यानाला उत्तरार्धही आहे. त्या मधल्याला पकडायचं कसं? धागे दाट करत गेलो तर हवाच जाईना. म्हणून काही कापडांच्या धाग्यांत बनवतानाच वीज भरून ठेवतात. लहानपणी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तशीच. यजमानाने नुसतं हात जोडून उभं न राहता लांबूनच हात धरून ओढून घ्यावं, तसा तो धागा बाजूने जाणाऱ्या मधल्या कणाला ओढून घेतो. कापड विरळ राहतं, हवा मोकळी वाहते आणि निसटत कुणी नाही. या कापडाबद्दल बोलताना साडूंचा आवाज हळवा व्हायचा. फक्त त्याचं एक पथ्य होतं, ते शेवटी बजावून सांगायचे. त्याला साबण लावायचा नाही. साबणाच्या पाण्यातून काढलं की दिसायला नवं, हाताला मऊ, पण आतली वीज गेलेली. मग ते नुसतं कापड.

हे त्यांनी कुणाकुणाला सांगितलेलं आहे याची गणती नाही. इंदिरानगरात त्यांच्या इमारतीच्या वॉचमनला ते पाठ आहे. कोपऱ्यावरचा भाजीवाला, गॅसची टाकी आणणारा, माझ्या मुलाचे मित्र, एकदा तर सत्यनारायणाला आलेले गुरुजी. गुरुजींची तर पंचाईतच झाली, कारण साडूंनी त्यांच्या हातून पेटलेली उदबत्ती मागून घेतली आणि ती घेऊन खिडक्यांच्या चौकटींवरून फिरवायला लागले. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे फट. ‘फिल्टर कितीही भारी आणा, फट असली की हवा फटीनेच येणार,’ हे त्यांचं दुसरं मोठं वाक्य. उदबत्तीच्या धुराइतका वाईट धूर घरात दुसरा नाही असं त्यांचंच मत होतं, आणि फट शोधायला उदबत्तीइतकं चांगलं साधन नाही असंही त्यांचंच. मग तडजोड झाली. रोज सकाळी उदबत्ती आधी देवापुढे, मग साडूंच्या हातात, आणि घराची फेरी झाली की नळाखाली.

आता ताईंबद्दल. ताई म्हणजे माझ्या बायकोची ती थोरली बहीण. त्यांना दमा. लग्नाच्या आधीपासून नव्हता, चाळिशीनंतर सुरू झाला आणि वाढत गेला. ज्या माणसाने जगाला शुद्ध हवा पुरवली त्याच्याच घरात दमा यावा, यावर नातेवाइकांत दबक्या आवाजात विनोद झाले. मीही केला असेन. साडूंनी ते कधी मनावर घेतलं नाही, कारण त्यांचं लक्ष जिन्याकडे होतं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. भाजी घेऊन वर येताना ताई प्रत्येक मजल्यावर थांबायच्या. धाप लागली असं म्हणायच्या नाहीत, पदर नीट करायच्या, पिशवीतली कोथिंबीर वर काढून ठेवायच्या. साडू घरात बसून त्या पावलांकडे कान देऊन असायचे. कारखान्यातलं यंत्र काही घरी आणता येत नव्हतं. जिन्यावरचे थांबे हेच त्यांचं यंत्र झालं. मला भेटले की तब्येतीची बातमी तशीच द्यायचे. ‘काल तीन झाले.’ ‘आज दोन.’ शेजारच्यांना वाटायचं, हे चहा मोजतात.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी पेटी बांधायला घेतली. चार बाजूंना लाकडी चौकटी, चौकटींत ते वीज भरलेलं पांढरं, मऊ कापड घड्या घालून बसवलेलं, खाली प्लायवूड आणि वर जुना टेबलफॅन उताणा. पंखा हवा ओढून वर फेकणार, ती हवा चारी बाजूंच्या कापडांतून गाळून येणार. एवढंच. पण त्या चौकटींच्या कडा त्यांनी किती वेळा उचकटल्या आणि किती वेळा चिकटवल्या याला मी साक्षी आहे. उदबत्तीचे पुडेच्या पुडे त्यात संपले. पेटी अखेर झोपायच्या खोलीत बसली तेव्हा तिचं रूप बघून माझ्या बायकोने विचारलं, यात कोंबड्या ठेवायच्या आहेत का. ताईंनी मग जुन्या मलमलीच्या साडीची एक खोळ शिवून तिच्यावर घातली, निळ्या फुलांची. खोळीतून हवा अडत नाही ना हे साडूंनी दोन दिवस तपासलं आणि परवानगी दिली.

आणि पेटीने काम केलं. हे मी सांगतो आहे म्हणजे खरंच केलं असणार, कारण मला ते व्हायला नको होतं. झालं असतं तर आणखी व्याख्यानं झाली असती, आणि झालीच. पण उन्हाळ्यापर्यंत ताईंचे थांबे तिनावरून एकावर आले आणि एक दिवस मी जिन्यात त्यांच्या मागे असताना त्या कुठेही न थांबता वर गेल्या. दारात साडू उभे होते. ते बाजूला झाले. त्या वर्षी ताईंनी कितीतरी वर्षांनी गच्चीवर कुरडया घातल्या. चीक हाटताना मध्येच बसायला लागलं नाही. त्यातल्या अर्ध्या आमच्याकडे आल्या, आणि साडूंनी मला फोन करून विचारलं की कुरडई तळताना खिडकी उघडी ठेवता की नाही.

मग भाद्रपद संपत आला. घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं धुवायची रीत आहे. गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं. साधारण बायका धुवायच्या वस्तू आणि न धुवायच्या वस्तू असा भेद करतात, ताई तो करत नाहीत. एका नवरात्रात त्यांनी माझी छत्री धुतली होती. साडू या दिवसांत घरातून काढता पाय घेतात, त्याप्रमाणे तेव्हाही ते देवळ्याला बहिणीकडे गेले. मी शाळेला सुट्टी म्हणून बरोबर गेलो.

देवळ्याला बहिणीच्या कांदाचाळीत उन्हाळी कांदा साठवलेला. तो बाहेर काढून निवडायचं काम चाललं होतं. आठ-दहा बायका गोलात बसून कांदा हातात फिरवून सडका वेगळा करत होत्या आणि सालीचा भुगा असा उडत होता की समोरची बाई गुलाबी दिसत होती. सगळ्यांनी पदर नाकावर बांधलेले. साडूंनी ते पाहिलं आणि पिशवी उघडली. तयारीनेच गेले होते. त्याच कापडाच्या नाकपट्ट्या त्यांनी घरी शिवून आणल्या होत्या. बहिणीने एक उचलून उलटसुलट केली. ‘भाऊ, हाई काय शे?’ साडूंनी धुळीचं सांगितलं. ‘धूळ नही शे ती,’ बहीण म्हणाली, ‘आमना कांदा शे.’ तरीही बायकांनी पट्ट्या बांधल्या, माहेरच्या माणसाचा मान म्हणून. साडूंनी त्यांना यजमान, वजनदार पाहुणा, पोरं, मधला कण, सगळं सांगितलं. मला उभं करून दाखवलं. बायका खूप हसल्या. मग त्यांनी प्रत्येकीजवळ जाऊन नाकाच्या बाजूची फट बोटाने दाबून दाखवली आणि शेवटचं पथ्य दोन-दोनदा बजावलं की या पट्ट्यांना साबण लावू नका. दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या हनुवटीखाली आल्या होत्या, कारण त्या बांधून गप्पा मारता येत नव्हत्या. पण साबणाचं पथ्य मात्र सगळ्यांना समजलं होतं.

आम्ही परत आलो तेव्हा घर लख्ख होतं. खोळ धुऊन परत घातलेली, निळी फुलं ताजी दिसत होती. साडूंनी पेटी सुरू केली, कान देऊन ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. पंखा एकदम हलका चालत होता. जाण्याआधी त्यांनी त्याला तेल दिलं होतं. ‘बघा, तेलाचा गुण,’ ते मला म्हणाले, आणि मी मान डोलावली.

दसऱ्याच्या सुमारास ताईंचा पहिल्या मजल्यावर थांबा पडला. मग दुसऱ्यावर. दिवाळी यायच्या आत तिन्ही परत आले, आणि एका दुपारी त्या तिसऱ्या थांब्यावरून उठल्याच नाहीत. मी आणि साडूंनी त्यांना धरून घरात आणलं. डॉक्टरांनी औषधाच्या वाफेचं मशीन दिलं आणि सांगितलं की पुन्हा असं झालं तर घरी थांबू नका, सरळ दाखल करा. त्यानंतरचे आठ दिवस साडूंनी जे केलं ते बघवत नव्हतं. आधी त्यांनी समोरच्या बांधकामाला धरलं. मग खालच्या मजल्यावरच्या फोडणीला. मग देवाची उदबत्ती बंद झाली. खिडक्यांना टेप लागली, दाराखाली गोधडीची वळकटी आली, मला दारात चप्पलच नव्हे तर मोजेही काढायला लागले. उदबत्ती घेऊन ते त्याच चौकटींवरून पुन्हा पुन्हा फिरत होते, फट सापडत नव्हती. दाढी वाढली. बोलणं थांबलं. हे त्यातलं सगळ्यात वाईट होतं. वॉचमन मला येऊन विचारून गेला की काकांचं काही बिनसलं आहे का.

घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी संशय घेतला, फक्त पेटीवर नाही, कारण ती त्यांच्या हातची होती. शेवटी मीच, कंटाळून, आत एकदा बघा तरी असं म्हणालो. साडूंनी खोळ काढली. आतली चारही कापडं दुधासारखी पांढरी होती. सहा-सात महिने चाललेली कापडं, ती एव्हाना काळी असायला हवी होती. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं. ताई मागे खाटेवर बसलेल्या होत्या, मशीनची नळी हातात. ‘घटाच्या आधी धुतली मी ती,’ त्या म्हणाल्या. ‘केवढी काळी झाली होती. गरम पाण्यात साबणाचा चुरा टाकला. तुमची आहेत म्हणून जरा जास्तच चोळली.’

मी खाली बघत उभा राहिलो. कारखान्याच्या मालकाला या माणसाने तोंडावर सुनावलं होतं, आता काय होईल ते मला कळेना. साडू पेटीसमोर उकिडवे बसले. मग त्यांनी मान वळवली.

‘तुला मी सांगितलंच नव्हतं,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘काहीच.’

आणि ते खरं होतं. वॉचमनला सांगितलं, गुरुजींना सांगितलं, त्याच दिवशी देवळ्याच्या आठ-दहा बायकांना दोन-दोनदा सांगितलं, आणि जिच्या श्वासासाठी सगळा खटाटोप होता तिला सांगायचं राहून गेलं. राहिलं असंही नाही, घरातल्या माणसाला वेगळं काय सांगायचं, असं त्यांनी धरून चाललं होतं. आपण सगळेच तसं धरून चालतो. मला त्या वेळी त्यांचा फार कळवळा आला, आणि माझ्या घरी मी काय काय सांगितलेलं नाही हेही मनात आलं.

त्या दुपारी त्यांनी ताईंना पहिल्यापासून सांगितलं. खाटेच्या कडेला बसून, हळू आवाजात. धागा, यजमान, वजनदार पाहुणा, धोतरात अडकणारी पोरं. ताई मशीनच्या वाफेतून ऐकत होत्या. मधल्या कणापाशी आल्यावर साडूंनी सवयीने माझ्याकडे पाहिलं आणि ताई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी विचारलं, ‘एवढ्या लग्नांत हे सांगत होतात, तेव्हा मी कुठे होते?’ साडूंनी आठवून सांगितलं, ‘तू आत रुखवत मांडत असायचीस.’ ताईंनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक विचारलं. साबणाने गेलेली वीज कडक उन्हात वाळवून परत नाही का येत? साडू त्यांच्याकडे वळून बसले. म्हणाले, नाही येत, नवं कापड घालावं लागतं, पण तपासणीच्या खोलीत एवढी वर्षं गेली, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

नवं कापड चार दिवसांत आलं. ताईंनी चौकटी धरल्या आणि साडूंनी कडा चिकटवल्या. पुढच्या उन्हाळ्यात थांबे पुन्हा एकावर आले, त्यानंतर तोही गेला. आता घटाच्या आधी ताई सगळं धुतात, पेटी सोडून. माझी छत्री मात्र अजून सुटलेली नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. साडू सत्तरीच्या पुढे गेले. लग्नांना जाणं कमी झालं आहे, गेले तरी खुर्चीवर बसूनच दाराकडे बघतात, आणि नवी पोरं त्यांच्याजवळ थांबत नाहीत. मी हल्ली मुद्दाम जाऊन त्यांच्या नजरेसमोर उभा राहतो, मधला कण म्हणून. पण त्यांचं बोट उचललं जाईलच असं नसतं. तेव्हा मला ओकंबोकं वाटतं. तीस-पस्तीस वर्षं मी ज्या व्याख्यानातून पळत आलो ते आता मला पुरतं ऐकायचं आहे.

परवा दोघांबरोबर बाजारातून आलो. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर साडू थांबले. कठड्याला टेकले, आणि जरा वेळाने कठड्यावरून बोट फिरवून ते डोळ्यांजवळ नेलं. छाती वरखाली होत होती. ताई दोन पायऱ्या पुढे गेल्या होत्या, त्यांना धाप नव्हती. त्या परत खाली आल्या, पिशवी पायरीवर ठेवली आणि त्यांच्या बोटाकडे बघत म्हणाल्या, ‘कुठली आहे हो ही?’

साडू सांगायला लागले. आधी दोन-दोन शब्द, मध्ये श्वास, मग चार, मग अख्खं वाक्य. ही समोरच्या बांधकामाची, वारा पश्चिमेचा म्हणून इथवर आली, जड आहे, हिची काळजी नाही. ताई मधूनच प्रश्न विचारत होत्या, घाई नसल्यासारख्या. बोलता बोलता साडूंचा श्वास जाग्यावर आला आणि आम्ही वर निघालो. मी शेवटी होतो. जाता जाता मीही त्या कठड्यावर बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ होतं. तो कठडा ताई रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून घेतात.